इंजिनिअरिंग, कॅम्पस आणि सर्फिंग एका आठवड्यात कसं बसवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि सर्फबोर्ड हातात येऊन तीन वर्षं झाली. ज्युनिअर्सचे तेच तेच प्रश्न येत राहतात, तेही बहुतेक सबमिशनच्या आदल्या रात्री. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ताई, मला पोहता येतं. सर्फिंग सुरू करायला तेवढं पुरे आहे का?

तलावात चार फेऱ्या मारता येतात म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही. माझी कसोटी अशी: न थांबता २०० मीटर पोहायचं आणि पाय न टेकता दहा मिनिटं एका जागी तरंगायचं. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, कधीतरी तुटतेच. मग बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याला लागतो आणि तुम्ही आहात तिथेच उरता. कसोटी त्या वेळेसाठी आहे. ती जमली की पहिले पाच-सहा दिवस कंबरभर पाण्यात, फुटून फेसाळत आलेल्या लाटेवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. उभं राहता येत नाही म्हणून रडू नका, सगळ्यांचं तेच होतं.

२. इंजिनिअरिंग करताना यासाठी वेळ तरी मिळतो का? आठवड्यातून किती दिवस जायचं?

मिळतो, पण हिशेब खरा मांडा. ‘दीड तासाचं सेशन’ म्हणतात त्यात मोठी फसवणूक आहे. मी एकदा खोलीच्या दारापासून दारापर्यंत घड्याळ लावलं. जाणं, कपडे बदलणं, बोर्डवर वॅक्स (पाय घसरू नये म्हणून लावायचं मेण) घासणं, पाण्यातला दीड तास, परत येणं, अंघोळ, केसांतली वाळू काढणं: तीन तास दहा मिनिटं. त्याच दिवशी लाटाही मोजल्या. ११ मिळाल्या, प्रत्येकीवर सरासरी आठ सेकंद. म्हणजे तीन तास खर्चून मी लाटेवर दीड मिनिट उभी होते! बाकीचा वेळ पॅडल मारण्यात, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी वल्हवण्यात, आणि वाट बघण्यात गेला.

एवढं कळूनही जावंसं वाटत असेल तर आठवड्याला दोन सेशन आरामात बसतात. तिसरं मिळालं तर नशीब. चौथं घेतलं की कुठला तरी रिपोर्ट लटकतोच, माझा तरी लटकतो.

३. आमचं टाइमटेबल ठरलेलं आहे. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी जायचं असं पक्कं केलं तर?

पहिल्या वर्षी मी हेच केलं आणि निम्म्या वेळा कोरड्या अंगाने परत आले. कॉलेज चालतं सूर्यावर, भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रावर. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे या मंगळवारी सकाळी सहाला भरती असेल तर पुढच्या मंगळवारी त्याच वेळी ओहोटी.

प्रत्येक जागेची आवडती पातळी वेगळी असते. आम्ही जातो तिथे पाण्याखाली वाळूचा बांध आहे. भरतीच्या दोन-तीन तास आधी, पाणी चढत असताना, लाट त्याच्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे छान सोलल्यासारखी फुटत जाते. पूर्ण भरतीला पाणी इतकं खोल होतं की लाट न फुटताच पुढे सरकते आणि थेट किनाऱ्यावर आदळते. ओहोटीला ती एकदम, भिंत कोसळल्यासारखी फुटते. कारण साधं आहे: लाट स्वतःच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. पातळी बदलली की फुटण्याची जागाच बदलते.

म्हणून आठवडा हे माप इथे चुकीचं आहे. पंधरवडा धरा. अमावास्या-पौर्णिमेचं चक्र १४.७७ दिवसांचं आहे, तेवढ्यात भरती पुन्हा जवळपास त्याच वेळेवर येते. माझ्या वहीत डावीकडच्या पानावर टाइमटेबल आणि उजवीकडे चौदा दिवसांच्या भरतीच्या वेळा असतात. दोन्ही पानं जुळवली की एक आठवडा सकाळच्या पाण्याचा निघतो आणि एक जवळजवळ कोरडा. कोरड्या आठवड्यात अभ्यास ओढून घ्यायचा. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पातळी भराभर बदलते, चांगला वेळ तासाभराचाच मिळतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, भरतीत पाणी संथ चढतं, तेव्हा वेळ जास्त मिळतो. नवशिक्यांना मी भांगाचेच दिवस सांगते.

४. अंदाजात ‘लाट १ मीटर’ लिहिलेलं असतं. मग एकदा मजा येते आणि एकदा नुसता चिखल, असं का?

कारण तुम्ही उंची बघताय आणि त्याच्या शेजारचा पिरियड सोडून देताय. लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद म्हणजे पिरियड. एक मीटर आणि ६ सेकंद ही जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ. एक मीटर आणि १२ सेकंद ही दूरच्या वादळातून आलेली लाट, म्हणजे स्वेल. खोल पाण्यात लाटेची लांबी पिरियडच्या वर्गाच्या १.५६ पट असते: ६ सेकंदांना सुमारे ५६ मीटर, १२ सेकंदांना सुमारे २२५. ऊर्जेचा ओघ उंचीच्या वर्गाच्या आणि पिरियडच्या प्रमाणात वाढतो. आकडा तोच दिसला तरी दुसरीत दुप्पट जोर असतो.

यातून एक सोय होते. १२ सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रातून ताशी साधारण ३४ किलोमीटरने येतो. वादळ १६०० किलोमीटर दूर असेल तर स्वेल दोनेक दिवसांनी पोहोचतो. म्हणजे मंगळवारी नकाशावर वादळ दिसलं की गुरुवारच्या असाइनमेंटला बुधवारी हात घालायचा.

तिसरी गोष्ट वारा. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते, म्हणून पहाटे वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारपर्यंत उलटं होतं आणि पाणी विस्कटतं. सर्फर पहाटे उठतात ते एवढ्यासाठी, शिस्तीचं कौतुक नको.

५. तुझा एखादा खरा आठवडा सांग ना.

मागच्या महिन्यातला सांगते. सोमवारी पहाटेची भरती ६ वाजून १० मिनिटांनी होती, म्हणजे आमच्या बांधाची चांगली वेळ काळोखात गेली. दिवसाला ५० मिनिटं सरकवत गेले तर गुरुवारी भरती ८:४०ला, पाण्यात उतरायची वेळ पावणेसहा. रविवारी रात्रीच ठरलं: सोमवार ते बुधवार पाणी नाही.

सोमवारी हीट ट्रान्सफरचा लॅब रिपोर्ट त्याच संध्याकाळी संपवला. एरवी तो जमा करायच्या दिवशी पहाटे लिहिला जातो. मंगळवारी प्रोजेक्टची मंडळी बसली, अकरापर्यंत नुसतं गिअरबॉक्सच्या केसिंगवरून भांडण. बुधवारी क्विझ बरी गेली. रात्री दहाला झोपले, रूममेटने ताप आलाय का विचारलं.

गुरुवारी पाच वाजता उठून पावणेसहाला पाण्यात. स्वेल ११ सेकंदांचा, वारा जवळजवळ नाही. तासाभरात नऊ लाटा, त्यातली एक अशी की अजून आठवते: डावीकडे वळले, बोर्डची कड पाण्यात रुतली आणि पुढची भिंत उभी राहतच गेली. नऊच्या लेक्चरला ओल्या केसांनी वेळेवर. अकराच्या व्हायव्हाला मात्र फजिती झाली. जर्नलवर सही घ्यायला वाकले आणि सकाळी सायनसमध्ये साठलेलं खारं पाणी नाकातून धारेने आकृतीवर. शाई पसरली. सर काही बोलले नाहीत, फक्त खिशातला रुमाल पुढे केला.

शुक्रवारी वारा उलटा होता, बघितला आणि परत झोपले. शनिवारी एक तास ठरवून गेले आणि तीन तास राहिले. दुपारी अभ्यासाला बसले ती थेट सहाला जागी झाले, गालावर स्केलचा छाप. रविवारी पाण्यात गेलेच नाही, फेस्टच्या मीटिंगमध्ये खुर्च्या मोजत होते. असा असतो आठवडा. यातला शनिवार मुद्दाम सांगितला, कारण तुमचाही तसाच होणार आहे.

६. सकाळी सर्फ केलं की लेक्चरला झोप आवरत नाही. काय करू?

रात्री दहाला झोपा. याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही. एकला झोपून पाचला उठलात तर दिवसभर वाचलेलं डोक्यात बसत नाही, कारण आठवण पक्की होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. माझा नियम असा आहे: रात्री साडेदहाला मी अजून टेबलाशी असेन तर सकाळचं पाणी रद्द. निर्णय रात्रीच घ्यायचा. पहाटे पाचला अंथरुणात घेतलेला निर्णय दोन्हीकडून पस्तावायला लावतो.

७. परीक्षेच्या दिवसांत पूर्ण बंद ठेवायचं का?

पेपरच्या दिवशी आणि आदल्या दिवशी बंद. झोपेपेक्षाही दुखापतीची भीती जास्त असते. फिन, म्हणजे बोर्डच्या तळाची माशाच्या परासारखी पाती, मनगटाला लागली तर पेपर लिहिणार कशाने? मध्ये तीन-चार दिवसांची सुट्टी असेल तर एक छोटं, ओळखीच्या जागेवरचं, लहान लाटेचं सेशन खुशाल घ्या. नवी जागा, मोठा स्वेल, मित्राचा नवा बोर्ड हे सगळं शेवटच्या पेपरनंतर.

८. पहाटे उठायचं म्हटलं की रात्रीचं कॅम्पस सुटतं. गप्पा, क्लब, फेस्ट सगळंच सोडायचं का?

सगळं नाही, पण काहीतरी सुटतंच. मी दोन क्लब सोडले आणि एक ठेवला. गप्पा खरंच रात्री बारानंतरच रंगतात, त्यामुळे ज्या विनोदांवर सगळे हसतात त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी कोणाला तरी मला समजावून सांगावे लागतात. याची चुटपुट लागते, नाही कशाला म्हणू? कोरड्या आठवड्यात (प्रश्न ३) मी रात्रीच्या मैफलीत पहिली असते.

प्रोजेक्टच्या ग्रुपला मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: सकाळी आठपर्यंत माझा फोन लागणार नाही, रात्री नऊपर्यंत माझा भाग पूर्ण असेल. दुसरं वाक्य पाळलंत तर पहिल्यावर कोणी कुरकुरत नाही. आमच्या ग्रुपमध्ये कुरकूर झाली होती, कारण मी दुसरं पाळलं नव्हतं.

९. स्वेल चांगला असेल तर लेक्चर बुडवून जावं का? प्रॉक्सी लावून घेतली तर?

प्रॉक्सी नको. पकडले गेलात तर मित्रही अडकतो, आणि तुमच्या नाकावरचं ऊन पुरावा देतं. हजेरीच्या अटीत जेवढी सूट आहे ती सेमिस्टरच्या सुरुवातीला मोजा आणि तिच्यातली निम्मी आजारपणासाठी बाजूला ठेवा. उरलेल्यातून वर्षातले दोन-तीन खरोखर मोठे दिवस घ्या. प्रॅक्टिकल कधीच बुडवू नका, ते परत मिळत नाही.

१०. समुद्र दोन तासांवर आहे. तरी जमेल?

आठवड्याला दोनदा जमणार नाही. महिन्यातून दोन शनिवार-रविवार जमेल. मधल्या दिवसांत पोहा, कारण पहिल्यांदा दमतात ते खांदेच. वेळ निवडताना प्रश्न ३ आणि ४ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लागू आहेत, चार तासांचा प्रवास आहे.

११. पहिला बोर्ड कोणता घ्यावा? आम्ही इंजिनिअर आहोत, स्वतःच बनवला तर?

पहिला बोर्ड मऊ फोमचा, आठ फुटांच्या आसपास, शक्यतो भाड्याचा किंवा वापरलेला. बोर्डवर त्याचं आकारमान लिटरमध्ये लिहिलेलं असतं. लिटरचा आकडा तुमच्या किलोतल्या वजनापेक्षा बराच जास्त असू द्या. लहान, टोकदार बोर्ड फोटोत छान दिसतो आणि पाण्यात बुडतो.

बनवण्याचा विचार तिसऱ्या वर्षी करा, तेव्हा मजा येते. बोर्ड म्हणजे सँडविच रचना: आत हलका फोम, वर-खाली फायबरग्लासचं कातडं, बऱ्याचदा मधोमध लाकडाची पट्टी. पातळ कातड्यांमधलं अंतर दुप्पट केलं की वाकण्याला होणारा विरोध साधारण चौपट होतो, आय-सेक्शनच्या (I आकाराच्या तुळईच्या) गणितासारखाच. १९४०च्या दशकात फोम, बाल्सा लाकूड आणि फायबरग्लास वापरून हलके बोर्ड बनवणारा बॉब सिमन्स कॅलटेक या अमेरिकेतल्या तंत्रसंस्थेत शिकलेला होता. तो १९५४मध्ये सर्फिंग करतानाच गेला. बोर्डला पहिली फिन अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकने १९३५मध्ये लावली आणि आज सर्रास दिसणारी तीन फिनची रचना ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनने १९८०च्या सुमारास आणली. साध्या दिसणाऱ्या फळीला एवढा वेळ लागला, तेव्हा तुमचा पहिला बोर्ड वाकडा झाला तर वाईट वाटून घेऊ नका.

१२. बोर्डला भोक पडलंय. वर्कशॉपमध्ये रेझिन पडून आहे, लावू?

थांबा! आधी आतला फोम कोणता ते बघा. मी दुसऱ्या वर्षी बघितला नव्हता. वर्कशॉपमधलं पॉलिएस्टर रेझिन मिसळलं, खळग्यात ओतलं आणि अभिमानाने बघत बसले. दोन मिनिटांत खळगा खोल व्हायला लागला. मुठीएवढा झाला तरी थांबेना. बोर्डचा गाभा पॉलिस्टायरीनचा होता आणि पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. त्याच सेमिस्टरला मटेरियल सायन्समध्ये मला वर्गात दुसरे सर्वांत जास्त मार्क होते.

पॉलिस्टायरीन असेल तर फक्त इपॉक्सी. पॉलियुरेथेन असेल तर दोन्ही चालतात. फोम ओळखता येत नसेल तर इपॉक्सीच वापरा. आधी भोकातलं पाणी पूर्ण निथळू द्या, गोडं पाणी मारून चार-पाच दिवस सावलीत वाळवा. घासताना मास्क हवाच, काचेची भुकटी छातीत जाते.

१३. हॉस्टेलच्या खोलीत बोर्ड ठेवायचा कुठे?

पलंगाखाली किंवा भिंतीला आडवा. खिडकीच्या उन्हात आणि बंद गाडीत नको, आतली हवा फुगून कातडं फोमपासून सुटतं. वेटसूट (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) खोलीत वाळत घालू नका. वास तुम्हाला येत नाही, रूममेटला येतो.

१४. मला चष्मा आहे. लाट दिसणारच नाही, मग काय?

नंबर कमी असेल तर तसंच जा, लाटा मोठ्या असतात. जास्त असेल तर एक दिवस वापरून फेकायच्या कॉन्टॅक्ट लेन्स आणि पाण्यातून आल्यावर त्या लगेच टाकायच्या. पाण्यातले काही सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकले तर बुबुळाला गंभीर संसर्ग होतो, म्हणून महिनाभर चालणाऱ्या लेन्स नकोत. डोळा लाल होऊन दुखला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर.

१५. पाळीत पाण्यात गेलं तर चालतं का?

चालतं. कप किंवा टॅम्पॉन वापरा, पॅड पाण्यात निरुपयोगी आहे. पोट दुखत असेल तर जाऊ नका, तेवढंच.

१६. रिप म्हणजे काय? सापडलो तर?

किनाऱ्यावर चढलेलं पाणी आत परतण्याची वाट शोधतं, ती रिप. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, असं दिसलं तर समजा. नवशिके नेमके तिथेच उतरतात, कारण तिथे लाट नसते. जोराची रिप सेकंदाला २ मीटरहून वेगाने ओढते, तिच्याविरुद्ध तुम्ही-मी पोहू शकत नाही. बोर्ड सोडू नका, तीच तुमची होडी. किनाऱ्याला समांतर पॅडल मारत बाजूला जा, लाटा फुटताहेत तिथून परत या. जमत नसेल तर बोर्डवर बसून हात हलवा. तुम्हाला बघणारं कोणी हवं, म्हणूनच एकट्याने जायचं नाही.

१७. पोट बोर्डवर टेकून पाठ दुखते. ताणलं की बरं वाटेल ना?

बोर्डवरून उतरून, उभं राहून सैल केल्यावर जाणारं दुखणं साधं असतं. पण एक दुर्मीळ प्रकार माहीत असू द्या, कारण तो बहुतेक पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या लोकांनाच होतो. बराच वेळ पालथं पडून पाठ मागे कमानीसारखी ठेवल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडतो, असं मानलं जातं. कुठे आपटलेलं नसताना अचानक पाठ दुखते, मग पाय बधिर होतात, जोर जातो, लघवी होत नाही. यातलं काहीही वाटलं तर ताणत बसू नका, ताबडतोब पाण्याबाहेर आणि थेट हॉस्पिटल. एरवी दर दहा-पंधरा मिनिटांनी बोर्डवर बसून पाठीला आराम द्या.

१८. याचा अभ्यासाला काही उपयोग होतो का? घरी सांगायला काहीतरी हवं.

घरी खरं सांगा: आवडतं म्हणून करतेय, आणि निकालाचा कागद सोबत ठेवा. पण उपयोग अगदीच नाही असंही नाही. लाटांचा अंदाज बांधण्याचं शास्त्र दुसऱ्या महायुद्धात हॅराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी उभं केलं, सैन्य किनाऱ्यावर कधी उतरवायचं ते ठरवण्यासाठी. वेटसूटमागे ह्यू ब्रॅडनर हा भौतिकशास्त्रज्ञ होता. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये खोल पाण्यात लाटांच्या समूहाचा वेग हा एकेका लाटेच्या वेगाच्या निम्मा असतो, हे सूत्र मी तीनदा पाठ करून विसरले होते. मग एका संध्याकाळी तळ्यात दगड टाकला आणि वर्तुळांच्या पट्ट्यात मागून उठणारी एकेक लाट पुढे सरकत पुढच्या कडेला विरताना बघितली. त्यानंतर ते विसरले नाही.

१९. एक विषय राहिला. आता सर्फिंग सोडू का?

आधी बघा, तो कशाने राहिला. माझा तिसऱ्या सेमिस्टरला राहिला होता. वहीची उजवी पानं चाळली तर त्या महिन्यात मी फक्त चारदा पाण्यात होते. बाकी संध्याकाळी फोनवर दुसऱ्यांच्या लाटा बघत बसले होते. मी सर्फिंग चालू ठेवलं आणि फोनवरचे व्हिडिओ काढून टाकले. तुमच्या वहीत चारऐवजी चौदा निघाले तर बोर्ड सेमिस्टरभर कोणाकडे तरी ठेवायला द्या. फक्त वॅक्स खरवडून द्या, उन्हात वितळून ते गादीला लागतं.